बाईच्या मेंदूतलं ते छिद्र

बाईचा शेवटचा फोन मी दोन मिनिटांत ठेवला.

आज वर्ष झालं.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, शेवंता. पोंभुर्ण्याकडच्या जंगलात वनरक्षक होती. वाघाचे ठसे बघत रोज दहा-बारा किलोमीटर चालायची. मी इकडे मुलचेऱ्याला शाळेत शिकवते.

मग बाई पडायला लागली. सपाट रस्त्यावर. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. डोकं सतत जड.

कोणी म्हणे अशक्तपणा, कोणी म्हणे बाहेरचं. शेवटी नागपूरला एमआरआय केला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मेंदूत पाणी तयार होतं, ते खाली वाहत राहतं. हिची वाट बुजली होती. पाणी आतच साचत होतं.

"कवटीतून दुर्बीण आत घालू. आत एक छिद्र करून पाण्याला दुसरी वाट देऊ."

बाईनं एवढंच विचारलं, "मंग मी ड्युटीवर जाईन ना?"

गेली. तीन महिन्यांत गेली! बांबूच्या बेटापुढे उभी राहून फोटो पाठवला. बारीक केस, वर खाकी टोपी.

"पाय परत माहे झाले आता," म्हणाली.

पण डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं.

"ते छिद्र कधी कधी परत बंद होतं. वर्षा-दोन वर्षांनीसुद्धा. डोकेदुखी, उलटी, गुंगी, काही दिसलं की त्याच क्षणी निघायचं."

मी बाईला सांगितलं नाही. घाबरेल म्हणून.

दीड वर्ष छान गेलं. अन् मी ते विसरले.

एप्रिल. वर्गात पेपर वाटत होते, तेव्हा फोन आला.

"डोकं लय दुखून राह्यलं वं. दोनदा उलटी झाली."

"उनात फिरली असशील. लिंबूपानी पे अन् पड जराशी."

"हो. तू कायजी नको करू. पोरायचे पेपर घे."

दुपारी तिच्या सोबतच्या गार्डचा फोन. "मॅडम, बाई उठूनच नाई राह्यल्या."

अॅम्ब्युलन्सनं चंद्रपूर. तिथून नागपूर सांगितलं. वरोऱ्याच्या पुढे श्वास थांबला.

मी तेव्हा उशिरा मिळालेल्या बसमध्ये होते. वाटेतली आष्टीसुद्धा आली नव्हती.

नंतर डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "उलटी किती वाजता सुरू झाली?"

मी सांगितलं. "छिद्र बंद झालं असणार," म्हणाले.

आई अजून म्हणते, "आपरेशन तं बराबर झालं होतं. मंग काऊन गेली वं?"

तिला सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तुमच्या घरी कोणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर त्या माणसाला सगळं सांगा. घाबरलं तरी चालेल.

मला याचा आता काही उपयोग नाही.

माफ कर म्हणायला तोंड नाही माझं.

जोहार, बाई.