भिंतीकडे तोंड करून बसलेली पोरं

आई गेली त्या हिवाळ्यात मला खोकला लागला होता. मी तेव्हा अकरावीत, चोपड्याला. डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली. खोकला गेला, पण चार घोट घेतले की आई गेल्याचं काही वाटेनासं व्हायचं, म्हणून बाटली राहिली. एका दुकानदाराने हटकलं की मी दुसरं दुकान गाठायची. एका दुपारी पेटत्या स्टोव्हवर माझा हात पडला. वास आला म्हणून शेजारीण धावत आली. मला काहीच कळलं नव्हतं. वडिलांनी मला जळगावला आत्याकडे आणून सोडलं.

जळगावात एक डॉक्टर दर रविवारी दवाखान्यामागच्या खोलीत व्यसन सोडू पाहणाऱ्या पोरांना एकत्र बसवायचे. पोरांनीच पोरांशी बोलायचं आणि इथलं बाहेर न्यायचं नाही, एवढाच नियम. कुणी दारूतला, कुणी गर्दच्या पुडीतला; मिसरूड फुटलेली, गालफडं बसलेली पोरं. डॉक्टरांनी मलाही बोलावलं. आत्या दारातच अडली.

"पोरेसमा मी तिले बसू देवाव नही."

मग मी बाहेरच्या बाकावर बसायला लागले. आत्या शेजारी वाती वळायची. दार अर्धवट उघडं असायचं, त्यातून आवाज यायचे. पैकी एक आवाज फैजपूरच्या पोराचा. घरची केळीची बाग. माल घेऊन जाणाऱ्या ट्रकवर तो दिल्लीपर्यंत जायचा आणि त्या वाटेवरच त्याला गर्द लागलं.

"बापानं मले पंपाच्या खोलीत साखळीनं बांधलं व्हतं," एका रविवारी तो सांगत होता. "मी वरडे, उलट्या करे. बाप बाहेर खाटेवर बसून राहे. जेवाले बी घरात जाये ना."

आत्याचे हात थांबले.

आणखी एका रविवारी त्याचाच आवाज आला. "आपण आतले बठ्ठे बोलतो. बाहेर ताई बसेल हाये, तिले कोनी इचारलं का?"

डॉक्टर म्हणाले, "तिच्या आत्याला चालणार नाही."

"मंग आम्ही भिंतीकडे तोंड करतो. ताई, तू दारात बसून बोल. कोनी पाहनार नाही."

सतरंजी सरकल्याचा आवाज आला. मी दारातून डोकावले. सगळी पोरं खरंच माझ्याकडे पाठ करून बसली होती. मळके शर्ट, वर आलेली पाठीची हाडं. मी आत्याकडे पाहिलं. ती वातींकडे बघत म्हणाली, "बोल."

मी उंबऱ्यावर बसले आणि त्या पाठींना सगळं सांगितलं. बाटली, दुकानं, हात. आई गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं, हेही सांगितलं. ते मी कुणाजवळच बोलले नव्हते. शेवटी एका पोराने भिंतीकडे बघतच विचारलं, "गोड लागतं का गं ते?" मी हो म्हटलं. कुणी हसलं नाही.

पुढच्या रविवारपासून आत्याने मला आत बसू दिलं.

केळीची कापणी सुरू झाली तसा फैजपूरचा पोरगा येईनासा झाला. आमच्यातले दोघं एसटीने त्याच्या गावी जाऊन आले. तो पुन्हा ट्रकवर गेला होता. मग बातमी आली. धुळ्याजवळ आग्रा रोडवरच्या एका ढाब्यामागे तो मेलेला सापडला. आम्हाला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. त्या रविवारी आम्ही जमलो आणि लवकरच उठलो. त्याच आठवड्यात एक पोरगा परत दारूकडे वळला. मीही एका औषधाच्या दुकानासमोर बराच वेळ उभी राहिले आणि तशीच परत आले.

काही रविवार गेले आणि त्याचे वडील आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. उभे राहूनच त्यांनी विचारलं, "माहा पोरगा अठी काय बोले?"

एक जण चाचरत म्हणाला, "आबा, इथलं बाहेर सांगत नाहीत."

"मी बाहेरचा हाये का?"

मला ते सहन झालं नाही.

"तुम्ही त्याला बांधलं होतं, ते सांगायचा," मी म्हणाले. "आणि तुम्ही बाहेर बसून असायचे, जेवायलासुद्धा उठायचे नाहीत, तेही सांगायचा."

म्हातारा खाली बसला. "बांधलं व्हतं," तो म्हणाला. "सुधरला असं वाटलं म्हनून सोडलं. सोडलं नसतं तं..."

आम्ही चहा दिला. म्हाताऱ्याने तो घेतला नाही. बैठक संपेपर्यंत तो आमच्यात बसून राहिला, आणि आमच्यातला एक जण त्याला एसटी स्टँडवर पोचवून आला.