हंबीररावांची वर्दीतली गृहभेट

हवालदार हंबीरराव फौजेतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत समाजसेवक झाले. आता बोला! सांगलीजवळच्या एका क्षयाच्या दवाखान्यात माजी सैनिकासाठी जागा निघाली, ती त्यांना मिळाली. काम एवढंच, की कुणी पेशंट सुया, म्हणजे इंजेक्शनं, अर्धवट सोडून घरी गेला, तर त्याच्या घरी जायचं, चार शब्द गोड बोलायचे आणि त्याला माघारी आणायचं. हंबीररावांच्या लेखी घरी गेलेला पेशंट म्हणजे पळपुटा शिपाई. आणि गोड शब्दांचा साठा त्यांच्याकडे पहिल्यापासून बेताचाच.

त्यांच्यावर देखरेखीला होत्या शबाना अत्तार. वयानं हंबीररावांच्या थोरल्या लेकीएवढ्या, मुंबईहून समाजकार्य शिकून आलेल्या. दर गुरुवारी त्या हंबीररावांना समोर बसवत आणि प्रत्येक गृहभेटीबद्दल विचारत, तुम्हाला आतून काय वाटलं? हंबीरराव खुर्चीतच सावधान होत आणि सांगत, काही नाही, मॅडम. फौजेनं ज्यांना उभ्या नोकरीत काही वाटू दिलं नाही, त्यांना आता दवाखाना पगार देऊन वाटायला लावत होता. मॅडम समजावत, की ही तपासणी नव्हे, ही मनावरचं ओझं उतरवायची जागा आहे. हंबीररावांना ओझं उतरवायला हमाल लागतो एवढंच ठाऊक.

एकाहत्तरची लढाई नुकतीच थांबली होती. इस्लामपूरच्या पलीकडच्या एका गावची मनुबाई सुया सोडून घरी निघून गेली. तिचा लेक जोतिबा सीमेवर होता, सून अंजना घरात एकटी. म्हातारीचा जीव दवाखान्याच्या खाटेवर रमेना. हंबीररावांनी विचार केला, साध्या कपड्यात गेलो तर म्हातारी भीक घालायची नाही. झालं! पेटीतली वर्दी निघाली, इस्त्री झाली, पदकं लागली, बूट चमकले, आणि स्वारी एस.टी.तून उतरून ताठ मानेनं मनुबाईच्या दाराकडं निघाली. काय ती अक्कल!

ज्या गावात घरटी एक माणूस फौजेत, तिथं लढाईच्या दिवसांत वर्दीतला परका माणूस दाराशी कशासाठी येतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हंबीररावांना कळलं नाही. ते अंगणात पोचायच्या आतच अंजनानं उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. मनुबाई मटकन खाली बसली आणि खोकायला लागली, ती थांबेचना. बायाबापड्या धावल्या. मधोमध हंबीरराव, मी दवाखान्याचा, मी दवाखान्याचा म्हणत. ऐकतंय कोण! खरा प्रकार कळल्यावर गावानं त्यांना जी विशेषणं बहाल केली, ती इथं न दिलेली बरी. मनुबाईनं मात्र दवाखान्याचं तोंड पाहणार नाही म्हणून सांगितलं.

गुरुवारी हंबीररावांनी मॅडमना सांगितलं, भेट झाली, पेशंट आला नाही. मॅडम काही विचारेनात. नुसत्या बसून राहिल्या. मुंबईत हेही शिकवतात वाटतं! शेवटी हंबीरराव म्हणाले, "मॅडम, त्या पोरीच्या मनगटातनं रगत येत व्हतं," आणि ओंजळीत तोंड लपवून ढसाढसा रडले. घडला प्रकार मग हुंदक्याहुंदक्यानं बाहेर आला. मॅडमनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, की सुया अशाच चुकत राहिल्या तर म्हातारी हाती लागायची नाही. पण आता तिला आणायला जाऊ नका, तिचं ऐकून घ्यायला जा. आणि खोटा धीर तेवढा देऊ नका. हंबीररावांनी हा हुकूम समजून खाडकन सलाम ठोकला. मॅडमनी कपाळाला हात लावला.

धोतर-सदरा घालून हंबीरराव पुन्हा त्या अंगणात गेले. अंजनानं मन भरेस्तोवर त्यांना धारेवर धरलं. ते मान खाली घालून बसले. मग मनुबाई दारात आली.

"समदं गाव म्हणतंय, माझा जोतिबा खुशाल हाय. तू फौजेतला गडी. तू सांग."

होय म्हणायला काय लागत होतं? शब्द अगदी जिभेवर आला होता. हंबीरराव उठून उभे राहिले.

"मला ठावं न्हाई, आई. मी त्या दिशी निस्ता तुमच्यासाठनं आलतो."

म्हातारीनं पाट पुढं सरकवला. इतक्या दिवसांत तिच्याशी खरं बोललेला हा पहिलाच माणूस, आणि तोही नेमका हा!

"बस. भाकरी खा," ती म्हणाली. "उद्या आमी दोघी येतो सुईला. पर माझ्या पोराचं काय बरंवाईट कळलं, तर त्ये सांगायला तूच ये. दुसऱ्या कुणाच्या तोंडनं नगं."