आठ व्हॉल्व्हची खंडेनवमी

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. खंडेनवमीचा दिवस. मी कुकर उतरवला, हात पुसले आणि कपाटावरचा खोका खाली काढला. तेव्हा मी गप एक कप चहा घेऊन बसले असते ना, तर आज तुमच्यापुढे हे सांगायची पाळी आली नसती. पण नाही! मला भक्ती सुचली.

थांबा, आधीपासून सांगते. म्हणजे माझी अक्कल किती ते नीट कळेल.

माझ्या बाबांची जुनी पद्मिनी गाडी आहे. दुधी रंगाची, गोल दिव्यांची. मी दोन वर्षांची होते तेव्हा त्यांनी ती जुनीच घेतली. दर रविवारी मरोळहून आरेच्या जंगलात एक चक्कर ठरलेली. मी मागच्या सीटवर आडवी. गाडी चालू झाली की घरघर, आणि त्या घरघरीच्या आत एक टक-टक-टक. पाठीवर कुणी थोपटावं तशी. आरेचा पहिला चढ यायच्या आत मी गाढ झोपलेली असायची.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून गाडी आमच्या बिल्डिंगखाली ताडपत्री पांघरून मुकी उभी. माझी ओवी ते गेल्यानंतर झाली. आजोबा तिने फोटोतच पाहिले. पण फोटोतून आवाज कुठे येतो हो? तो आवाज तिने एकदा तरी ऐकावा, एवढंच माझ्या मनात होतं.

त्यात बिल्डिंग पाडायची ठरली. सोसायटीने सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत गाडी हलली नाही तर भंगारवाल्याला बोलावणार. मामाने आरेत आपल्या दारासमोर जागा दिली.

माझा नवरा महेश म्हणाला, "अगं, टो करून नेऊ."

"ओढत? बाबांची गाडी? ती स्वतः चालत जाईल!"

म्हणून इंजिन उतरवून गेलं पास्कल अंकलकडे. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागे त्यांचं मशिन शॉप. माणूस तिथल्याच गावठाणातला, सत्तरीचा, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. इंजिन उघडून त्यांनी बॅटरी मारली, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "बोअरिंग लागंल, क्रँक घासावा लागंल. पन हाड चांगलं हाय गो."

आता माझा स्वभाव असा, की ओवीला नुसती शिंक आली तरी मी थर्मामीटर शोधते. इथे तर बाबांचं इंजिन पोट उघडं टाकून पडलेलं! रोज ओवीला बालवाडीत सोडलं की मी शॉपमध्ये हजर. "अंकल, झाकलंत ना? अंकल, हे काय सांडलंय? अंकल, तो स्क्रू आपलाच ना?"

पाचव्या दिवशी अंकलनी माझ्या हातात एक काठी दिली. टोकाला रबराची वाटी. "तोंड बंद. हात चालू."

काम होतं व्हॉल्व्ह घासायचं. व्हॉल्व्ह म्हणजे लांब दांडीची लोखंडी भूछत्रंच. एकूण आठ. एकेकाला त्याच्या जागेवर बसवायचं, कडेला खरखरीत पेस्ट लावायची, आणि ती काठी दोन तळव्यांत धरून घुसळायची. अहो, रवीच की! मी सातवी शिकलेली, पण ताक घुसळायला कुठे शाळा लागते? घासून घासून व्हॉल्व्ह आणि त्याची जागा अशी जुळली पाहिजे, की मधून हवासुद्धा सुटू नये.

आठ दिवसांत आठ झाले. तळव्यांना फोड आले. अंकलनी चष्मा चढवून प्रत्येकाची कड पाहिली आणि फक्त "झकास" म्हणाले. खरं सांगते, माझ्या पुरणपोळीलाही कुणी इतक्या मनापासून झकास म्हटलेलं नाही.

मग त्यांनी मिठाईच्या खोक्याला आठ भोकं पाडली, शेजारी एक ते आठ आकडे लिहिले आणि एकेक व्हॉल्व्ह त्यात उभा खोवला. झालं, माझी काळजी परत उठली.

"अंकल, इथे उंदीर फिरतात. कुणी इकडचं तिकडं केलं तर? मी घरी नेऊन ठेवते."

"ने बाई. तुला झोप तरी लागंल. पन हात नको लावू."

"मी? छे!"

आता या खंडेनवमीवर. बाबा त्या दिवशी गाडी धुवायचे, बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार. यंदा हार घेऊन सकाळीच मी खाली गेले, बॉनेट उघडलं, तर आत नुसता खड्डा. रिकाम्या पोटाची पूजा कशी करायची? मला रडूच आलं. मग डोक्यात आलं, अरे, गाडीचं काळीज तर आपल्याच कपाटावर आहे!

सात वीसला खोका खाली. बघते तर व्हॉल्व्ह तेलकट, काळपट. देवापुढे असे मांडायचे? आठही एकदम परातीत घेतले. चिंच, मीठ आणि भांडी घासायची तारेची घासणी. काय चमकले म्हणता! पाटावर मांडून हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, आरती केली. ओवीने टाळ्या वाजवल्या. आणि मग शिस्तीत परत खोक्यात लावले. मोठे चार मागच्या रांगेत, छोटे चार पुढे. शाळेच्या फोटोसारखे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं आणि खोका घेऊन मी शॉपमध्ये. "अंकल, सोनं घ्या! आणि हे बघा, कसे लखलखीत केलेत!"

अंकलनी खोक्यात डोकावलं. मग माझ्याकडे बघितलं. मग वर बघून छातीवर क्रूस काढला.

"पूजा केलीस?"

"हो."

"चांगलं केलंस. यातला एक नंबर कुठला?"

"एक नंबर... कुठलाही घ्या ना. मोठे चारही सारखेच आहेत."

"सारखेच? बालवाडीत सगळी पोरं एकाच गणवेशात असतात ना गो? मग घरी येताना कुठलंपन उचलून आनतेस?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्याच जागेवर घासलेला, आता कोण कुणाचा ते देवालाच ठाऊक. आणि देवाला विचारायची सोय होती तेव्हा मी आरती म्हणत होते! वर तारेच्या घासणीचे चरे आणि मिठाने गंजाचे ठिपके.

"वाट लागली का अंकल?"

"वाट नाय लागली. काठी घे."

परत आठ व्हॉल्व्ह, परत रवी. दिवाळी डोक्यावर. मी घुसळतेय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि अंकल इंजिनाच्या वरच्या भागाकडे बोट दाखवून म्हणतात, "हे रॉकर झिजलेत जरा. व्हॉल्व्हला वरून दाबतात ते. राहू दे, चालतील. गाडीला सवय हाय त्यांची."

आता एकदा चूक केलेली बाई काय म्हणणार? "नको अंकल! सगळं नवं टाका. माझ्यामुळे काही राहायला नको. एकसुद्धा जास्तीचा आवाज नको!"

"बघ हां."

"बघितलं!"

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी इंजिन गाडीत बसलं. बिल्डिंगमधले सगळे बघायला खाली उतरले. मी ओवीला मागच्या सीटवर आडवं केलं, तिच्या डोक्याखाली माझी ओढणी दिली आणि शेजारी डोळे मिटून बसले. महेशने चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी वाट बघतेय. घरघर आहे, मऊ, फ्रिजसारखी. पण ती थोपट? ती टक-टक?

ओवीने टक्क डोळे उघडे ठेवून विचारलं, "आई, गाडी चालू कधी होणार?"

मी खिडकीतून ओरडले, "अंकल, तो टक-टक आवाज कुठे गेला?"

अंकल खाली वाकले, हळू आवाजात म्हणाले, "तो झिजलेल्या रॉकरचा होता गो. इतकी वर्षं वाजत व्हता."

"मग जुने रॉकर?"

"तूच बोललीस ना, नको. भंगारात गेले."

गाडी आपल्या चाकांवर आरेत गेली. चढसुद्धा हूं की चूं न करता चढली. सगळे म्हणाले, काय इंजिन झालंय! मी मागे बसून कान लावून होते. जंगल तेच, वळणं तीच, आणि आम्ही मायलेकी दोघी पूर्ण जाग्या.

तर माझं एक काम करा. तुमच्या ओळखीत, शेजारात, गावाकडे कुणाची जुनी पद्मिनी असेल आणि तिचं इंजिन आतून टक-टक करत असेल, तर त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, दुरुस्तीला नेऊ नका, मरोळची एक बाई पोरीला ती टक-टक ऐकवायला घेऊन येतेय. चांगलं चालणारं इंजिन तिच्याकडे आहे, ते तिला नको झालंय. मागची सीट तेवढी रिकामी ठेवा आणि गाडी चालू ठेवा. पेट्रोलचं ती बघेल.