तीन घरांतले कागद

बुधवार, १३ ऑगस्ट २०२५, उमरगा.
पहाटेपासून भुरभुर. दूधवाला अर्धा तास उशिरा. ९.४० ला लातूरहून बुद्धघोषचा फोन. त्याच्या मुलीचं, प्रीतीचं, जात पडताळणीचं मूळ प्रमाणपत्र त्याच्याजवळच्या पाकिटात नाही. कॉलेजात हजर होण्याची मुदत आज संध्याकाळी पाचला संपते.

एवढं लिहून पेन ठेवलं आणि पुन्हा फोन वाजला.

"काकू, पेटी फोडा."

"कुलूप आहे रे तिला."

"म्हणून तर फोडा म्हणतोय. किल्ली हितं माझ्या गळ्यात हाय."

बुद्धघोष आमच्या गावच्या कॉलेजात ग्रंथालय परिचर आहे. मूळचा सास्तूरचा. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे तो अकरा वर्षांचा होता. त्याला आणि त्याच्या मोठ्या बहिणीला, सारजाबाईला, लोकांनी जिवंत बाहेर काढलं. वडील कोंडिबा दुसऱ्या दिवशी सापडले. कागदांची ट्रंक सापडलीच नाही. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, तेव्हा आठ दिवस सास्तूरला होते. या पोराच्या डोक्याला टाके त्यांनीच घातले. तेव्हापासून तो आमच्याकडे येतो. डॉक्टर गेले, तरी येतो.

ट्रंक गेल्याचं त्या वर्षी कुणाला काही वाटलं नाही. माणसं गेली होती, ट्रंकेचं काय? सात वर्षांनी कळलं. बारावीनंतर बुद्धघोषला इंजिनिअरिंगला राखीव जागेवर तात्पुरता प्रवेश मिळाला. आजोबांचा जुना दाखला आणा, म्हणाले. तो दाखला ट्रंकेत होता. तहसील, शाळा, पुनर्वसनाचं ऑफिस असं करत सहा महिने गेले. कागद तयार झाला तोवर प्रवेश रद्द झाला होता. सरकारनं जागा ठेवली होती, फी माफ केली होती, वसतिगृहही दिलं होतं. सगळं होतं. खिडकीतल्या माणसासमोर ठेवायला एक कागद तेवढा नव्हता.

त्यानंतर त्यानं स्वतःसाठी एक नियम केला. घरातले सगळे मूळ कागद एका छपराखाली ठेवायचे नाहीत. तीन लांब पाकिटं केली. एक त्याच्या घरी, एक माझ्याकडच्या पत्र्याच्या पेटीत, एक भूमकडच्या ईट गावात सारजाबाईकडे. दर तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या दिवशी, पाकिटं एकेक घर पुढे सरकवायची. माझ्याकडचं त्याच्या घरी, त्याचं ईटला, ईटचं माझ्याकडे. म्हणजे वर्षातून एकदा प्रत्येक कागद हाताखालून जातो, वाळवी लागली तर कळते. डॉक्टर हसायचे. मी हसले नाही. सास्तूरचे लोक अजून आतून कडी घालून झोपत नाहीत, हे मला माहीत आहे.

पेटी पलंगाखालून ओढली. हातोडी कुठे आहे ते डॉक्टरांना ठाऊक होतं. मी वरवंटा आणला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुलूप फोडायला बसले आणि चौथ्या घावाला ते निघालं. आत पाकीट होतं. त्यात घराची सनद, रेशन कार्ड, त्याच्या बायकोचे शाळेचे दाखले. प्रीतीचं काही नव्हतं.

मी फोन केला. "नाही रे."

पलीकडे गर्दीचा गलका. मग तो म्हणाला, "काकू, हितं खिडकीपुढं पाकीट उघडलं तर काय निघालं सांगू? माझंच पत्र. दोन हजार सालचं. तात्पुरता प्रवेश. त्या क्लार्कनं हातात घेऊन वाचलं. म्हणाला, काका, तुम्हाला ॲडमिशन घ्यायचीय का पोरीला?"

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? पोरगी बाजूला उभी."

प्रीतीला मी पाळण्यात पाहिलं आहे. तिला लातूरला इंजिनिअरिंगची कॉम्प्युटर शाखा मिळाली होती, दुसऱ्या फेरीत. वृत्तपत्रात येतंच आहे, मुलींना शिक्षण मोफत, नवं धोरण, मधेच सोडलं तरी पुढे जोडता येईल असं शिक्षण. मी कात्रणं काढून तिला द्यायची. ती वाचायची आणि विचारायची, "आजी, यात कागदांची यादी कुठाय?"

तिनं उमरग्यातच बी.एस्सी. करावं असं बुद्धघोषला वाटत होतं. गेल्या वर्षी कॉलेजात तपासणीला नॅकची समिती येणार होती. सहा महिने रात्रंदिवस त्यानं फायली लावल्या. कपाटं, रंगीत चिठ्ठ्या, क्रमांक. कुठल्या सालचा कुठला कार्यक्रम, कोण पाहुणे, फोटो कुठे, विचारलं की अर्ध्या मिनिटात हातात. समिती खूश झाली, श्रेणी वाढली, प्राचार्यांनी त्याला शाल दिली. पण भौतिकशास्त्राला कायमचा प्राध्यापक नाही. तासिकेवर येणारे येतात आणि जातात. प्रीती त्याला म्हणाली होती, "बाबा, तुमच्या फायली एक नंबर हायत. पण फाईल शिकवत न्हाय." तो माझ्याकडे येऊन हे सांगत होता, तेव्हा त्याला राग आला होता की अभिमान वाटत होता, मला नीट कळलं नव्हतं.

मी गेल्या वर्षीची डायरी काढली. तीस सप्टेंबर, सोमवार: "बुद्धघोष आला. पेटीतलं पाकीट नेलं, एक ठेवलं." बरोबर होतं. तरी चैन पडेना म्हणून पानं मागे उलटत गेले. पंधरा सप्टेंबर, रविवार: "बुद्धघोष घाईत. नॅकमुळे महिनाअखेर सुटी नाही, म्हणून आजच पाकिटं बदलली. चहासुद्धा घेतला नाही."

दोनदा! पंधरा तारखेला एकदा सरकवली, आणि तीस तारीख उजाडली तेव्हा इतक्या वर्षांच्या सवयीनं पुन्हा सरकवली. नॅकच्या धांदलीत पहिली फेरी तो साफ विसरला होता. प्रीतीचं पाकीट त्याच्या घरी पंधरा दिवस राहून ईटला गेलं होतं.

फोनवर सांगितलं, तर तो नुसता "आं?" म्हणाला. मग म्हणाला, "आक्काला तुम्हीच लावा काकू. माझी बॅटरी संपत आलीय, पोरीच्या फोनवर त्या साइटचा ओटीपी येणार हाय." साइटवर प्रमाणपत्र दिसलं तरी चालेल, असं खिडकीतला माणूस म्हणाला होता. साइट सकाळपासून उघडत नव्हती.

सारजाबाईला तीन वेळा फोन लावल्यावर तिनं उचलला. ती सोयाबीनच्या रानात होती.

"पाकीट व्हय? हाय की. पर माझ्याकडं न्हाय."

"म्हणजे कुठं?"

"औंदा पत्रा गळायला लागला. म्हणलं भिजंल. शेजारच्या भुवनेश्वरीबाईकडं ठिवलंय, अंगणवाडीच्या बाई हायत, त्यांच्या घराला स्लॅब हाय. घोषानंच शिकवलंय न्हवं, एका छपराखाली ठेवू नगं म्हणून!"

"मग आण लवकर तिच्याकडून."

"त्या भूमला गेल्यात, मीटिंगला. घराला कुलूप."

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा होऊन गेले होते. ईटहून लातूर म्हणजे सव्वाशे किलोमीटर तरी असेल. "सारजा, फोन लाव तिला."

"लावते. उचलंना तर?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी आत्ता वरवंट्यानं कुलूप फोडलं."

ती मग म्हणाली, "तुमी फोडलं तर म्या बी फोडते. गल्ली काय म्हणायची ती म्हणू दे."

पुढचे सहा-सात तास मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. भाजी चिरली, केली नाही. ओसरीवर आले, आत गेले. फडताळातली भांडी काढून पुसली आणि तीच पुन्हा पुसली. सारजाबाईचा एक फोन आला. कुलूप फोडलं, गल्ली गोळा झाली, म्हाळसाबाई नावाची कुणी म्हातारी चोर चोर म्हणून ओरडली, पाकीट पिठाच्या डब्यामागं मिळालं. आता ती नवऱ्याच्या, वैजनाथच्या, मोटारसायकलवर मागं बसली होती. पाकीट पोटाशी, वर खताच्या पिशवीचा कागद गुंडाळलेला.

"हळू जा गं," मी म्हणाले.

"हळू गेलं तर पाच वाजत्यात. ठेवा."

दीड वाजता येरमाळ्याला पाऊस लागला म्हणून कळलं. तीन वाजता मुरूडच्या अलीकडे चाकात खिळा. त्यानंतर काही नाही. चार वाजले. सव्वाचार. मी बुद्धघोषला फोन केला, बंद. प्रीतीला केला, तिनं उचलून हळूच सांगितलं, "आजी, बाबा गेटवर उभे आहेत. पावसात. आत या म्हटलं तर येत नाहीत."

"काही खाल्लंस का?"

"नाही. तुम्ही?"

मीही काही खाल्लं नव्हतं.

पाचला दहा कमी असताना मी देव्हाऱ्यापुढे बसले आणि लगेच उठले. बसवेना. सरकारनं मुलींसाठी एवढं सगळं करून ठेवलं आणि शेवटी ते एका बाईच्या पोटाशी धरलेल्या पाकिटावर येऊन थांबलं, याचाच मला संताप येत होता. पाच वाजले. पाच दहा.

पाच वाजून बावीस मिनिटांनी प्रीतीचा फोन आला. आत्या पावणेपाचला पोहोचली. नखशिखान्त चिखल. खिडकीवर मंजुषा नावाच्या मॅडम होत्या; त्यांनी पाकीट स्वतः पुसलं, प्रमाणपत्र कोरडं होतं. चार त्रेपन्नला पावती मिळाली. सकाळचा क्लार्क मागून म्हणाला, "काकांचं पण करून टाका मॅडम." सगळे हसले म्हणे. बुद्धघोषही हसला, मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

साडेआठला तो एकटाच माझ्या दारात. प्रीती वसतिगृहात राहिली होती. सारजाबाई आणि वैजनाथ परत निघाले होते. भुवनेश्वरीबाईंसाठी लातूरहून नवं कुलूप घेऊन.

मी ताट वाढलं. तो जेवला, पण नजर पेटीवर.

"काकू, तिनं सगळे कागद ठेवून घेतले. म्हणाली, माझे माझ्याजवळ राहतील. मी सांगितलं, दोन जागी कर. न्हाय म्हणाली. एका खोलीत, एका फायलीत. सगळे."

"राहतील नीट."

"चार मजली इमारत हाय ती." तो हात न धुताच बसून होता. "खालून वर बघत होतो. पिलर मोजले."

जाताना त्यानं खिशातून दोन हजार सालचं ते पत्र काढलं, चिखलाचे डाग पडलेलं. "हे तेवढं राहू द्या तुमच्याकडं." कुलूप नसलेल्या पेटीत ठेवलं आणि झाकण दोनदा दाबून पाहिलं. फाटकापर्यंत गेला, परत आला, पलंगाखालून पेटी ओढून भिंतीपासून हातभर लांब सरकवली. मग गेला.

पाऊस थांबला नव्हता. मी डायरी उघडली आणि सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: वरवंट्याचा टवका उडाला आहे. उद्याची चटणी मिक्सरमध्ये.