कुंकवाची अकरा बोटं

अकोल्याच्या ठाण्यात मी लिहून घेतलेली एक फिर्याद आजही मनातून जात नाही. तिचा पहिलाच शब्द चुकला होता, आणि तो माझ्या हातून चुकला होता.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. त्यामुळे ठाण्यात दोन भाषा एका सतरंजीवर बसत. मी अमरावतीचा, नुकताच फौजदार झालेला, अंगावरचा गणवेश अजून कडक. आमचे जमादार जबलपूरकडचे. वीस वर्षं वऱ्हाडात काढूनही मराठीला त्यांनी फारसं जवळ केलं नव्हतं. दोघांचं जमायचं मात्र छान. ते हिंदीत रागवायचे, मी मराठीत समजूत घालायचो आणि समोरचा माणूस यातलं जे समजेल ते कबूल करायचा.

एके सकाळी कापसाचे एक मोठे व्यापारी ठाण्यात आले. घराणं राजस्थानातून आलेलं, घरात बोली तिकडचीच. महिनाभर ते बाहेरगावी होते. परत येऊन पाहतात तो त्यांच्या मुलीचा बाजा, म्हणजे हार्मोनियम, माडीवरून नाहीसा झालेला. मुलगी दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन लांब गेली होती आणि बाजा कोणी वाजवत नव्हतं. तरी शेठजी रोज एकदा त्या खोलीत डोकावून येत. हे सांगताना ते खिडकीबाहेर पाहत होते. मी फिर्यादीत त्यांचाच शब्द लिहिला : बाजा.

संशय कोणावर, असं विचारलं तेव्हा शेठजींनी लगेच सांगितलं. दर्यापूरकडचा एक माळी. फुलं-भाजी पिकवून विकणारा, आणि गावच्या भजनात वाजवणारा. हा बाजा मुळात त्याचाच. सहा वर्षांपूर्वी त्यानेच तो शेठजींना विकला होता. नंतर मात्र दोनदा दारात येऊन परत विकत मागितला. दोन्ही वेळा शेठजींनी हाकलून दिलं. मुलीची वस्तू विकायला ठेवलेली नाही, म्हणाले.

आठवडाभरात खबर आली. आमचा खबऱ्या दर्यापूरच्या बाजारात बांगड्या विकायचा. तो म्हणाला, "बायको मेल्यापासून तो माळी मुका झाला होता, सायेब. आता त्याच्या मळ्यातून रोज दिवेलागणीले पेटी वाजून राहिली." तो 'पेटी' म्हणाला, आणि मी रोजनामच्यात 'बाजा' लिहिलं. कागदपत्रांत एकच शब्द असावा, असं मला शिकवलं होतं.

आम्ही मळ्यावर गेलो. झेंडूच्या वाफ्यांच्या कडेला त्याची झोपडी. पेटी लपवलेली नव्हती, समोरच्या खाटेवर घोंगडी अंथरून ठेवलेली होती. पंच बोलावले, पंचनामा केला, पेटी फडक्यात बांधली आणि गाठीवर लाखेचा शिक्का मारला. घाईत गरम लाखेचा एक थेंब कडेच्या लाकडावर पडला. माळी तेवढं एकदाच बोलला, "जपून, सायेब." बाकी तो मुकाट्याने गाडीत बसला.

जबानीत त्याने सगळं कबूल केलं, चोरी सोडून. बायको गायची आणि तो वाजवायचा. ती गेली त्या महिन्यात पेटीकडे बघवेना, म्हणून विकली. वर्षभरात पस्तावला. यंदा कौंडण्यपूरच्या जत्रेत हार विकायला बसला असताना मागच्या पालात कोणीतरी गंमत म्हणून पेटीचे सूर दाबत होतं. मान न वळवता त्याने ओळखलं. दोन दिवसांच्या हारांची सगळी विक्री त्या अनोळखी विक्रेत्याच्या हातावर ठेवून त्याने पेटी घरी आणली. जमादार हसले. चोरीचा माल धरला की तो जत्रेत अनोळखी माणसाकडून घेतलेला असतो, हे आम्ही शेकडो वेळा ऐकलं होतं.

मला मात्र त्या माणसाचं ऐकावंसं वाटत होतं. का, ते कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. नियमाप्रमाणे फडकं सोडण्याआधी दोघांना वेगवेगळं बसवून ओळखीच्या खुणा विचारायच्या होत्या. शेठजींनी सांगितलं, डावीकडच्या एका पांढऱ्या पट्टीचा टवका उडालेला आहे. मग माळ्याला आत घेतलं. खरं सांगतो, तेव्हा मी नियम जरा वाकवला. दाराशी कोणी नाही असं पाहून म्हणालो, अशा पेट्या बाजारात पुष्कळ असतात. ही तुझी जुनी नव्हेच, दुसरीच घेतली, असं सांगितलंस तर माल ओळखायला फक्त एक टवका उरतो. त्यावर कोर्ट शिक्षा देणार नाही.

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "म्हंजे मी तिले वळखत नाई म्हनू काय, सायेब?"

मी टाक परत उचलला. आणि त्याने स्वतःहून स्वतःच्या विरुद्ध पुरावा दिला. वरचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला कुंकवाची अकरा बोटं आहेत, म्हणाला. दसऱ्याला आपण हत्यारं-अवजारं पुजतो, तशी त्याची बायको पेटी पुजायची. वर्षाला एक बोट, संसार अकरा दसऱ्यांचा. "ते झाकन तीच उघडे. मी इकत आनल्यापासून बी उघडलं नाई. हिंमत नाई झाली."

दुसऱ्या दिवशी माल उघडायचा होता. शेठजी आले, पंच आले, आणि शेठजींच्या घरी धुणीभांडी करणारी बाईही पुरवणी जबानीसाठी आली. पहिल्या वेळी आम्ही तिला विचारलं होतं, बाजा कोण घेऊन गेलं? ती म्हणाली होती, बाजा तर लग्नात येतो, इथे कशाला येईल? जमादारांना तो उद्धटपणा वाटला आणि त्यांनी तिला दोन तास व्हरांड्यात बसवून ठेवलं. आजही ती घाबरून कोपऱ्यात उभी होती. जागा करायला मी शिपायाला सहज म्हणालो, ती पेटी टेबलावर घे.

बाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "कोनती पेटी? पेटी त मीच देली कबाड्याले. बाईसायबानंच सांगतलं होतं."

मी तिला खाली बसवून पाणी दिलं आणि पुन्हा सांगायला लावलं. शेठाणीबाई म्हणाल्या होत्या, पुरानी पेटी कबाडीला देऊन टाक. त्यांच्या बोलीत पेटी म्हणजे कपड्यांची पत्र्याची गंजकी ट्रंक. या बाईच्या बोलीत ट्रंक म्हणजे संदूक, आणि पेटी म्हणजे वाजवायची पेटी. रोज धूळ पुसायची, कधी कोणी वाजवताना दिसायचं नाही. तिला वाटलं, हीच ती पुरानी. पुढे घरभर बाजा गेला, बाजा गेला असा गलका झाला तरी तिला काही कळलं नाही. तिने कुठे बाजा दिला होता? गंजकी संदूक माडीखाली तशीच पडून होती आणि ती का गेली नाही, हे कोणी विचारलंच नाही.

कबाड्याला बोलावलं. तो तासाभरात कबूल झाला. जत्रेत हार विकणाऱ्या एका रडक्या माणसाला पेटी विकल्याचंही त्याने सांगितलं.

जमादार तरी हटेनात. कुंकवाच्या बोटांची पडताळणी व्हायला हवी, म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. मी झाकण उघडलं. जमादारांनी बोट फिरवत मोजलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "ग्यारह नहीं साहब, पंद्रह हैं. झूठ बोला."

माळी गोंधळून पुढे सरकला. वरच्या ओळीतली अकरा बोटं जुनी, काळपट पडलेली, रुंद होती. खाली चार वेगळी होती. रंग त्यामानाने ताजा, ठसे बारीक.

शेठजींनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि तसेच वाकलेले राहिले. "ये तो मेरी बिटिया की उँगली है," ते म्हणाले. मुलीने कधीतरी झाकण उघडलं असणार, कोण्या अनोळखी बाईची ओळ दिसली असणार, आणि माहेरचे चार दसरे तिने ती ओळ पुढे चालवली होती. घरात कोणालाच बोलली नव्हती. शेठजी रडले. माळीही रडला. जमादार शिपायाला चहा आणायला सांगून बाहेर गेले, आणि बराच वेळ परत आले नाहीत.

चोरी झालीच नव्हती, फिर्याद निकालात निघाली. कोर्टाने पेटी शेठजींच्या ताब्यात दिली. शेठजींनी ती कोर्टाच्या आवारातच माळ्याच्या हातात ठेवली. मुलगी माहेरी आली की तिला मळ्यावर घेऊन येईन, तेव्हा नाही म्हणू नकोस, एवढंच बोलले.

पुढे नोकरीत मी मोठमोठे गुन्हे उघडकीला आणले, त्यांची शाबासकीही घेतली. पण माणसाला त्याच्याच शब्दात विचारावं, हे मी त्या धुणीभांडी करणाऱ्या बाईकडून शिकलो. ती पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. आम्हीच तिला दोन तास व्हरांड्यात बसवलं. त्याची लाज मला अजून वाटते.

बऱ्याच वर्षांनी माझी दर्यापूरला बदली झाली. दसऱ्याला सोनं द्यायला म्हणून मळ्यावर गेलो. माळी म्हातारा झाला होता. पेटी पुढ्यात होती, झेंडूची माळ घातलेली, आणि झाकण उघडं. शेठजींची मुलगी एकदा येऊन गेल्याचं सोळावं बोट त्याने मला दाखवलं. कडेला माझ्या लाखेचा थेंबही तसाच होता. मी ओशाळून म्हणालो, हा खरवडून टाकायचास.

"राहू द्या," तो म्हणाला आणि कुंकवाचा करंडा माझ्यापुढे सरकवला. "घरात लावनारं कोनी नाई. तुमीच नेलती तिले, आता तुमीच लावा."

मी टोपी काढून ठेवली आणि सतरावं बोट लावलं.