कपाळावरची लाल खूण

मंडळी, आज सांगलीत पाच वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. भूल देण्याचं काम माझं होतं.

अशा वेळी आम्ही मुलाच्या कपाळावर पट्टी चिकटवतो. मेंदूला ऑक्सिजन किती पोचतोय, ते तिच्यामुळे पडद्यावर दिसतं. हृदय थांबवण्याआधी रक्त हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या मशीनवर घेतलं आणि पडद्यावरचा तो आकडा घसरायला लागला. रक्तदाब मात्र ठीक होता.

मी सर्जनना म्हटलं, "सर, डोक्याकडची नळी बघता का?"

डोक्याकडचं रक्त मशीनकडे नेणारी ती नळी जरा दबली होती. त्यांनी ती सरकवली, तसा आकडा हळूहळू वर आला.

संध्याकाळी मुलीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तिचे वडील कोरेगावचे, फौजेतून सुट्टी काढून आलेले. त्यांनी विचारलं, "मॅडम, कपाळाला लाल खूण कशाची हाय?"

मी पट्टीचं सांगितलं.

"मग ऑक्सिजन पुरला न्हवं?"

"मधे थोडा वेळ कमी पडला होता. लगेच सावरलं."

त्यांनी मुलीचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाले, "मला सांगितलं ते बरं केलं. हिच्या आईला सांगू नका."

मी मान हलवली. पण तुम्ही त्या आईच्या जागी असता, तर तुम्हाला हे कळायला हवं होतं का?