टेकायची फळी

बोट मी घेतली तेव्हा ती गुहागरच्या वाळूत उलटी पडली होती. पर्यटकांना फिरवणाऱ्या एकाने धंदा बंद केला होता आणि ती त्याला डोळ्यासमोरून घालवायची होती. फायबरची, चार-पाच माणसं मावतील एवढी, मागे छोटं इंजिन. टेम्पोत घालून रत्नागिरीला आणली आणि आमच्या घरामागे फणसाखाली ठेवली. मला मासे पकडायचे नव्हते की माणसं फिरवून पैसे मिळवायचे नव्हते. रविवारी भाट्याच्या खाडीत जावं, थोडं फिरून परत यावं, एवढीच हौस.

मी चिपळूणला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहते आणि शनिवारी दुपारी घरी येते. त्यामुळे बोटीचं काम शनिवारी-रविवारीच. जुना रंग खरवडायचा, तडे गेलेल्या जागी फायबरची जाळी चिकटवून वर रेझिनचा हात द्यायचा, ते वाळलं की पॉलिश पेपरने घासायचं. रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा हे मला कुणी सांगायला नको होतं. केसांत पांढरी भुकटी बसायची आणि हातांचा वास जेवतानाही जायचा नाही. मला ते आवडायचं.

अडचण बाबांची होती. त्यांनी जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनाचं काम केलं. आता निवृत्त होऊन घरी असतात. सोमवार ते शुक्रवार बोट त्यांच्याच ताब्यात. मी तळाच्या फळ्या बसवून गेले, तर पुढच्या शनिवारी स्क्रू बदललेले. रंगाचा एक हात देऊन गेले, तर वर दुसरा हात दिलेला. पाणी उपसायच्या पंपाची वायर मी डाव्या बाजूने नेली होती, ती उजव्या बाजूला गेलेली.

"मला विचारलं का नाही?"

"तू इथे नव्हतीस."

"फोन होता ना."

"एवढ्यासाठी फोन कशाला करायचा गो?"

खोटं कशाला बोलू, त्यांचं काम माझ्यापेक्षा सुबक होतं. त्यानेच माझं डोकं जास्त फिरायचं. चुकीचं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

एकदा मामा आला. बाबांनी त्याला बोट दाखवली. "तळ सगळा नव्याने केलाय. तडे भरलेत. पंप बसवलाय." कुणी केलं, ते एकाही वाक्यात नव्हतं. मामा म्हणाला, "भावोजी, कमाल केलीत." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, हातात पॉलिश पेपर. बाबा नुसते हसले. मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं, पण पाहुण्यासमोर कशाला, म्हणून गप्प बसले आणि रात्रभर स्वतःवरच चिडत राहिले.

मग मी बोटीत आईसाठी बैठक करायला घेतली. आईला टेकायला काही नसेल तर पाचेक मिनिटांतच तिची कंबर धरते. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तिला भिंतीला टेकून बसवलं आणि माप घेतलं. "ब्लाउज शिवतेस की काय?" ती म्हणाली. पाण्यात टिकणारं प्लायवूड आणलं, टेकायची फळी किंचित मागे कललेली ठेवली, वर फोम आणि रेक्झिन. इंजिन चालवायला मी मागे बसणार, म्हणून आईचं तोंड माझ्याकडे येईल अशी बैठक बसवली. बोलता यावं म्हणून.

पुढच्या शनिवारी आले तर टेकायची फळी नव्हती. मुळापासून कापलेली, कड गुळगुळीत घासून वर वॉर्निशसुद्धा मारलेलं. फळी पडवीत होती. तिच्यावर रंगाचे डबे मांडले होते.

"वारा अडतो त्याने," बाबा म्हणाले. "आणि बोटीत पुढे तोंड करून बसतात."

"ती आईसाठी होती."

"तिला कुठे जायचंय बोटीतून?"

आई दारातच होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "जाऊ दे गो. मी बसेन कशीतरी."

त्या 'कशीतरी'ने मी पेटलेच. "बाबा, ही बोट कुणाची आहे?"

"घरातली आहे."

"घरातली नाही. माझी आहे."

"मी जन्म काढलाय जहाजावर."

"काढलात ना. जहाजावरून घरी यायचात आणि पहिल्याच दिवशी आईने स्वयंपाकघरात लावलेले डबे काढून तुमच्या पद्धतीने लावायचात. ती बोलली नाही. मी बोलणार. माझ्या बोटीला पुन्हा हात लावायचा नाही."

त्यांनी आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या रविवारी संध्याकाळी मी सगळी हत्यारं पिशवीत भरून चिपळूणला घेऊन गेले. ड्रिल, पकड, पाने, आणि त्यांची करवत. करवत माझी नव्हती, तरी नेली. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, करवतीचं टोक बाहेर. कंडक्टर वळून वळून बघत होता. बुधवारी बाबांचा फोन आला. आंब्याची फांदी कापायची होती.

"शनिवारी आणते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी फळी नव्याने केली. पुन्हा माप घेतलं, पुन्हा फोम लावला. यावेळी तिला कुणी हात लावला नाही.

थंडी सरता सरता बोट पाण्यात उतरली. बाबा टोपी घालून धक्क्यावर आले. मी त्यांना सांगितलं, "आज तुम्ही नाही." ते तिथेच उभे राहिले. आई साडीवर लाइफ जॅकेट चढवून बैठकीत बसली, टेकली आणि आम्ही निघालो.

खाडीच्या मध्यावर ती म्हणाली, "ह्यांना घ्यायला हवं होतं."

"आई, थोडा वेळ तरी त्यांचा विषय नको."

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "ते परत जहाजावर गेले की मी डबे माझ्या जागी लावायचे. पुढची सुट्टी येईपर्यंत माझेच असायचे. आता काय, कुठे जातच नाहीत."

हे ती तक्रार केल्यासारखं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की मी इंजिनाचा वेग उगाचच वाढवला आणि तिला कठडा धरावा लागला.

परत आलो तेव्हा बाबा धक्क्यावरच होते. मी फेकलेला दोर त्यांनी झेलला आणि खुंटाला त्यांची गाठ मारली. चांगली, पक्की गाठ. मी आईला हात देऊन उतरवलं. मग खाली बसले, त्यांच्यासमोर ती गाठ सोडली आणि माझी मारली. त्यांनी बघितलं. आई मात्र आम्हा दोघांसाठी न थांबता, लाइफ जॅकेट अंगात तसंच ठेवून, रस्त्याकडे चालायला लागली.